मजिम्बुन भावजींचा बसायचा दगड

खरं सांगते, आणि ओरडून सांगते, पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेलं तरी चालेल: यातला शब्दन् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझ्या रांजणातली तापाई, आमची भाताची दारू, आंबून जाऊ दे, माझ्या कोंबड्या शेजारणीकडे जाऊन अंडी घालू देत, आणि माझे उरलेले दात... नको, दातांची शपथ नको. ते दोनच आहेत आणि मला लागतात.

आमच्या लिंगुडान गावात विजेच्या तारा कधी आल्याच नाहीत. येणार येणार म्हणून माझ्या लग्नात सांगत होते. मग माझ्या पोराच्या लग्नात सांगत होते. पोरगा वाट बघून कंटाळला आणि किनाऱ्याकडे शहरात गेला. त्याच्या मागोमाग अर्धं गाव गेलं. राहिलो आम्ही म्हातारे, थोडी लेकुरवाळी माणसं, आणि एक जनरेटर. तो जनरेटर सणासुदीला चालवायचा. डिझेलचा डबा पाठीवर घेऊन डोंगर चढून आणायचा, आणि तो मेला खोकत खोकत दोन गाणी होईपर्यंत सगळं पिऊन टाकायचा. गावातल्या कुठल्याच माणसाला एवढी पिऊन बसायची परवानगी नव्हती.

अशात माझी नात फ्लाविया परत आली. शहरात शिकायला गेली होती. तिथल्या एका संस्थेच्या कारखान्यात ती पाण्यावर चालणारी टर्बाइनं बांधायला शिकली. दारात उभी राहिली, पाठीवर बॅग, हाताला ग्रीस.

"ओडू," म्हणाली. आमच्यात आजीला ओडू म्हणतात. "ओडू सुम्पिंग, मी टर्बाइन आणलंय."

"जेवलीस का आधी?"

"अगं, टर्बाइन! नदीचं पाणी पाइपातून खाली सोडायचं, चाक फिरवायचं आणि परत नदीत. एक थेंबही वाया जात नाही. गावभर दिवे लागतील, भाताची गिरणी चालेल, फ्रीजसुद्धा चालेल."

"फ्रीजमध्ये तापाई ठेवता येईल?"

"येईल."

"मग बांध," मी म्हटलं. "जेव आणि बांध."

टर्बाइन संस्थेनं दिलं होतं, पण एका अटीवर. कापणीच्या सणापर्यंत, म्हणजे कामातानपर्यंत, ते फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर उचलून नदीच्या खालच्या अंगाला सोपिंगगान गावाला देणार. आणि टर्बाइन गेलं तर फ्लावियाही जाणार, कारण ते बसवायचं काम तिच्याकडेच होतं. तिथून पुढं ती कुठं जाणार ते मला माहीत होतं. शहरात. आणि मग घरात मी आणि कोंबड्या. कोंबड्या चांगल्या आहेत, पण त्यांना गोष्ट सांगितली तर मध्येच उठून जातात.

सगळं गाव कामाला लागलं. टर्बाइनसाठी खोली बांधली. जंगलातून वर नदीपर्यंत पाइप टाकला. घरोघरी तारा ओढून दिवे टांगले. पाणी किती वाहतं ते मोजायलाही फ्लावियाने सोपी युक्ती काढली. ती पुलावरून संत्रं टाकायची, मी खाली वळणावर उभी राहायची, संत्रं आलं की ओरडायची, आणि ती घड्याळात बघायची. टोपलीभर संत्री गेली. एकही परत मिळालं नाही, कारण वळणाखाली म्हातारी राहायची.

म्हातारी म्हणजे मी नव्हे. म्हातारी म्हणजे पेलियन मासा. एवढी मोठी, की पाठीवर शेवाळ उगवलं होतं आणि त्या शेवाळात बेडूक राहायचे. नावेपेक्षा लांब होती. हसू नका. तिचा गळून पडलेला एक खवला माझ्याकडे आहे, मी तो भाताच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवते. या, बघा, आणि मग हसा.

तर सगळं झालं, पाइप नदीच्या काठाला येऊन टेकला. राहिली फक्त पाणी अडवायची भिंत. फ्लावियाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पहिलं पाऊल टाकलं.

बांबूच्या बेटामागून गोंग वाजला. आणि गोंगामागून मजिम्बुन भावजी निघाले.

मजिम्बुन माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आमच्यात मासे वाढावेत म्हणून नदी बंद करायची रीत आहे. बंद म्हणजे बंद. मासा पकडायचा नाही, पाण्यात पाय घालायचा नाही. तीन वर्षांनी एक दिवस उघडायची, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि त्या दिवशी चार गावांनी मिळून मासे धरायचे आणि सारखे वाटून घ्यायचे. या नदीची राखण मजिम्बुन भावजींकडे. काठावरच्या एका मोठ्या गोल दगडावर बसून ते दिवसभर माशांशी बोलत बसायचे. इतकी वर्षं बसले, की दगडाला त्यांच्या बुडाचा खड्डा पडला होता. एकदा त्यांचा स्वतःचाच पाय घसरला आणि ते पाण्यात पडले. वर आले, धोतर पिळलं, आणि स्वतःलाच दंड केला: एक कोंबडा. आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला. त्यांनीही खाल्ला, पण तोंड पाडून.

आणि बघा आमची मजा! सगळं मोजलं, सगळं जोखलं, आणि नदी बंद आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्यात पाय न घालायची इतकी सवय झाली होती, की पाण्यात उतरावं लागेल हेच आम्ही विसरलो.

"एक पाय घातला," भावजी म्हणाले. "एका पायाला एक डुक्कर."

"भावजी, पोर आहे! तुमचीसुद्धा नातच आहे."

"वहिनी, नात माझी, पण नदी सगळ्यांची. गाव तापलंय. थंड करायला हवं."

आमच्यात कोणी चुकलं की गाव तापतं. मग दंडाचं जनावर कापून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, की गाव थंड होतं. माझं गुबगुबीत डुक्कर गेलं. गाव इतकं थंड झालं, की भिंतीचं काम गारठूनच गेलं.

फ्लाविया रात्रीच्या जेवणाला बसली पण जेवली नाही. तिची बॅग मी बांबूच्या खुंटीवर टांगली होती, ती तिने काढून दाराजवळ ठेवली.

"ओडू, नदी उघडणार कामातानच्या आदल्या दिवशी. एक दिवस! तारेचे पिंजरे रचायचे, त्यात दगड भरायचे, आडवी भिंत घालायची. मोजकी माणसं घेऊन महिना लागेल."

"आणि खूप माणसं असली तर?"

"खूप म्हणजे किती?"

"नदी उघडायच्या दिवशी येतात तेवढी."

तिने माझ्याकडे बघितलं. "ती मासे धरायला येतात. आपले दगड उचलायला कोण येतंय?"

"भात खा," मी म्हटलं. "थंड भात खाल्ल्याने पोरी शहरात पळतात."

दुसऱ्या दिवशी गावाची बैठक होती. मी मुद्दाम पुढं बसले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "भावजी, तुम्ही नदीचे राखणदार. एक शंका आहे. नदी उघडते त्या दिवशी पाण्यातल्या दगडाला हात लावला तर दंड आहे का?"

"उघडी म्हणजे उघडी. दंड कसला?"

"काठावरचा दगड पाण्यात ठेवला तर?"

"ठेवा."

"एकावर एक ठेवले तर?"

"डोक्यावर ठेवा, वहिनी! मला काय करायचंय?"

सगळे हसले. मीही हसले. पण त्यांचा शब्द गावाने ऐकला होता, आणि शब्द फिरवला तर त्यांना स्वतःलाच दंड करावा लागला असता. त्यांनी तो केलाही असता, असा माणूस!

थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आलं. माझ्या दाराशी आले. "वहिनी, तुम्ही माझ्या नदीला भिंत घालणार."

"तुमच्या नाही, सगळ्यांच्या. तुम्हीच म्हणालात."

"म्हातारी वर कशी जाणार? तिची अंडी घालायची जागा वर आहे."

तेवढ्यात फ्लाविया बाहेर आली. "आजोबा, एका बाजूला वाट ठेवणार आहे. उतरती, पाणी कायम वाहतं राहील अशी."

"किती रुंद?"

"तुम्ही सांगाल तेवढी."

त्यांनी दोन्ही हात पसरले. मग आणखी पसरले. मग हात पुरेनात म्हणून बाजूला सरकून दाखवलं.

"एवढी ठेवली तर भिंत उरतच नाही!" फ्लाविया म्हणाली. शेवटी माझ्या दाराएवढी ठरली. भावजी गेले, पण जाताना म्हणाले, "सूर्य मावळला की गोंग वाजणार. भिंत अर्धी असो की पाऊण. त्यानंतर पाण्यात जो दिसेल त्याला दंड. नात असो नाहीतर वहिनी."

आता माणसं कशी मिळवायची? मी काठी घेतली आणि चारही गावं फिरले. प्रत्येक घरात तापाई घेतली (नाही म्हणता येत नाही) आणि प्रत्येक घरात हेच सांगितलं: "यंदा जाळी आणू नका. यंदा जुन्या रीतीने मासे धरायचे. माझी ओडू धरायची तशी. नदीला दगडांची आडवी भिंत घालायची, मध्ये खिंड ठेवायची, खिंडीत बांबूची पाटी लावायची, आणि वरून सगळ्यांनी ओरडत, पाणी बडवत खाली यायचं. मासे आपल्या पायाने पाटीत चालत येतात!"

"माशांना पाय असतात?" एकाने विचारलं.

"जुन्या रीतीत असतात," मी म्हटलं.

सोपिंगगानलाही गेले. तिथं माझी बालमैत्रीण गालुम राहते. विड्याने तोंड लाल, जीभ त्याहून लाल. तिने डोळे बारीक केले. "सुम्पिंग, मला तर ही रीत आठवत नाही."

"तुझी आजी किनाऱ्यावरची. तुला कशी आठवेल?"

हा टोमणा तिला लागला. किनाऱ्यावरची म्हटलेलं तिला कधीच चालत नाही. "आठवतंय," ती म्हणाली. "आता आठवतंय. आमच्याकडे तर भिंत आणखी उंच घालायचे."

"तीच," मी म्हटलं. "उंचच घालायची."

आणि तो दिवस उजाडला. भावजींनी आपल्या दगडावर उभं राहून गोंग वाजवला, आणि चार गावं पाण्यात उतरली. बायका, बाप्ये, पोरं, कडेवरची तान्ही. काठावर फ्लावियाने तारेचे पिंजरे आधीच विणून ठेवले होते. मी एका पाटीत बसून हुकूम सोडत होते. "तो दगड इकडे! अरे तो नाही, त्याचा बाप आण! ए दाढीवाल्या, लग्नात नाचतोस तेव्हा कंबर दुखत नाही वाटतं?"

माणसं काय चेकाळली होती! एक दगड उचलायचा, एक आरोळी ठोकायची. कोणी गाणं धरलं, ते हातोहात दगडांबरोबर काठापासून काठापर्यंत गेलं. पिंजरे भरत गेले, वाळूची पोती आत ठासली. दुपारपर्यंत भिंत एवढी वाढली, की तिच्यावर बसून लोकांनी पानात बांधलेला भात खाल्ला. वर तुहाऊची, म्हणजे रानआल्याची, चटणी. तिचा वास इतका कडक, की पलीकडच्या काठावरची मैना बेशुद्ध पडली आणि तिला वारा घालावा लागला.

जेवणं चालू असताना गाडी आली. संस्थेची दोन माणसं, दोरखंड घेऊन. टर्बाइन न्यायला आली होती. त्यांनी बघितलं, की नदीत माणसांना उभं राहायला जागा नाही. एकजण म्हणाला, "उद्यापर्यंत फिरलं पाहिजे, असं ठरलं होतं."

"आज म्हणजे उद्याच्या आधीचा दिवस," मी म्हटलं. "रिकामे उभे आहात, तर तो दगड द्या इकडे."

थोड्या वेळाने दोघंही कमरेपर्यंत भिजले होते आणि त्यांचा दोरखंड आमचे दगड ओढत होता.

पण गालुमने ते दोरखंड बघितले, गाडी बघितली, पाइपाचं तोंड बघितलं. विडा थुंकला आणि थेट माझ्या पाटीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या मागे सोपिंगगानची सगळी माणसं, हातातले दगड खाली ठेवलेले.

"सुम्पिंग, ही भिंत मासे धरायची आहे की दिवे लावायची?"

मी पाटीच्या कडेचा बांबू निरखायला लागले.

"नाही झाली तर टर्बाइन आम्हाला मिळणार होतं. आणि तू आमच्याच हातांनी भिंत बांधून ते आमच्याकडून हिरावून घेतेस? लाज नाही वाटत? या वयात?"

आणि मग फ्लाविया पाण्यातून वर आली. केसांतून पाणी गळत होतं, हातावर तारेचे ओरखडे.

"गालुम ओडू," ती म्हणाली, "ही भिंत झाली तर पुढची तुमची. पुढच्या वर्षी तुमची खालची नदी उघडेल, तेव्हा आमचं अख्खं गाव दगड उचलायला येईल. टर्बाइन मी स्वतः बांधीन. दुसऱ्याचं नेऊन ठेवलेलं नाही, तुमच्या पाण्याच्या मापाचं, नवं."

"आणि तू शहरात गेलीस तर?"

फ्लावियाने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"मला आता शहरात जायला वेळ कुठाय?" ती म्हणाली. "तुमच्यानंतर वरची दोन गावं आहेत."

गालुमने नवा विडा लावला. सावकाश लावला. सगळी नदी तिच्या तोंडाकडे बघत उभी. मग ती आपल्या माणसांवर खेकसली, "बघता काय मख्खासारखे? लिंगुडानवाल्यांच्या भिंतीपेक्षा आपल्या बाजूची भिंत उंच झाली पाहिजे!"

ऊन कलायला लागलं तेव्हा भिंत झाली. एका बाजूला दाराएवढी माशांची वाट, आणि मधोमध एक खिंड, ज्यात बांबूची पाटी. मग आरोळ्या ठोकत सगळे वरून खाली आले, पाणी बडवत, आणि खरंच हो, मासे आले! पाटी भरली, उपसली, पुन्हा भरली. काठावर चार गावांचे चार ढीग, भावजी स्वतः उभे राहून सारखे वाटे करत होते. एक लहानसा मासा जास्त झाला, तर त्याचे चार तुकडे केले.

पाटी काढली आणि आता खिंड बुजवायची राहिली. ती बुजली की पाणी चढणार आणि पाइपाच्या तोंडात शिरणार. पण आख्खी नदी त्या एका खिंडीतून धावत होती. दगड टाकला की वाहून जायचा. पिंजरा टाकला, तो लोळत गेला. पोतं टाकलं, ते फाटलं. काठावर एक मोठा दगड उरला नव्हता, सगळे भिंतीत गेले होते. पाणी पाइपाच्या तोंडाखाली, वीतभर. सूर्य डोंगराच्या माथ्यावर टेकलेला.

एकच दगड उरला होता. त्याच्यावर मजिम्बुन भावजी बसले होते, मांडीवर गोंग, हातात गोंगाचा दांडा, डोळे सूर्यावर.

मी त्यांच्याजवळ गेले. "भावजी, उठा."

"का?"

"तुम्ही बसलाय तो दगड हवाय."

"हा?" त्यांनी दगडावर हात ठेवला. "वहिनी, दादा गेला तेव्हा मी इथंच बसलो होतो. माझं लग्न मोडलं तेव्हा इथंच. याला माझं सगळं माहीत आहे."

"म्हणूनच मागते. तो पाण्यात जाईल, तुमच्या माशांजवळ. तुमच्यापेक्षा चांगली राखण करील, डुलकी तरी घेणार नाही."

ते हलले नाहीत. सूर्याची अर्धी चकती गेली. फ्लाविया खिंडीजवळ छातीभर पाण्यात, दोन्ही हातांनी एक पिंजरा धरून ठेवत होती, आणि तो तिच्या हातातून सुटत चालला होता. ती ओरडली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

माझ्या कमरेच्या पिशवीत एक संत्रं होतं. खायला आणलं होतं. ते माझ्या हातातून निसटलं आणि बरोबर खिंडीच्या तोंडाशी पडलं. आता म्हाताऱ्या हाताला काय बोल लावायचा?

आणि म्हातारी आली!

खालच्या डोहातून पाणी फाडत, शेवाळ विस्कटत, बेडूक उड्या मारत. माणसं किंचाळत बाजूला झाली. तिने संत्रं गिळलं आणि आणखी आहे का बघायला खिंडीतच आडवी थांबली. शेपूट या पिंजऱ्याला, तोंड त्या पिंजऱ्याला. खिंड बंद! पाणी थांबलं. मागे चढायला लागलं, बोट, दोन बोटं, पाइपाच्या ओठाला लागलं...

"तिला लागेल!" भावजी किंचाळले. "अरे, तिच्या अंगावर आख्खी नदी आहे! दगड आणा! दगड!"

"कुठला?" मी विचारलं.

"हा! माझा! ढकला, बघत काय बसलात!"

गोंग फेकून दिला माझ्याकडे आणि स्वतः दगडाला खांदा लावला. चार गावं धावली. दोरखंड आले. गालुमनेही ढकलला, विडा चघळत. दगड हलला, घरंगळला, धडाड करत पाण्यात, आणि भावजी त्याच्यामागोमाग गळ्यापर्यंत पाण्यात. ते म्हातारीच्या कानाशी काहीतरी बोलले. माशाला कान असतो की नाही ते त्यांना विचारा. तिने अंग वळवलं, माझ्या दाराएवढ्या वाटेतून वर निघून गेली, आणि ती जिथून हलली तिथं दगड जाऊन बसला. असा बसला, जणू जन्मापासून तिथंच होता. भावजींच्या बुडाचा खड्डा वरच्या बाजूला.

पाणी चढलं. पाइपाने एक मोठा घोट घेतला. गडगड, गडगड, जंगलातून खाली आवाज गेला.

फ्लाविया धावत सुटली, टर्बाइनच्या खोलीकडे.

"वहिनी!" भावजी पाण्यातून ओरडले. "सूर्य गेला! गोंग वाजवा!"

"तुम्ही अजून पाण्यात आहात, भावजी."

"नियम म्हणजे नियम! वाजवा!"

मी वाजवला. असा वाजवला, की डोंगराने तीनदा परत दिला. सगळे पाण्याबाहेर उड्या मारून आले. नदी बंद झाली. एकटे मजिम्बुन भावजी उरले गळाभर पाण्यात, दाढीतून थेंब गळत.

"राखणदार मजिम्बुन," त्यांनी आपल्याच अंगावर बोट रोखलं, "बंद नदीत सापडला! दोन पाय. दोन डुकरं!"

काय टाळ्या पडल्या! त्यांची डुकरं माझ्या डुकरापेक्षा गुबगुबीत होती, हे गावाला चांगलं माहीत होतं.

आणि त्याच टाळ्यांत खाली काहीतरी गुणगुणायला लागलं. आधी डासासारखं, मग मधमाश्यांसारखं. माझ्या घराच्या पडवीत टांगलेला दिवा लाल झाला, लाजल्यासारखा. मग पिवळा. मग पांढरा, लख्ख! त्याच्यामागून शेजारणीचा, शाळेचा, चर्चच्या दारावरचा, एकेक करत सगळं लिंगुडान पेटलं. डबा नाही, डिझेल नाही, खोकला नाही. नुसतं आमचंच पाणी, आमच्याच वाटेने जाऊन परत आमच्याच नदीत.

गालुम बघत राहिली. मग म्हणाली, "आमचे दिवे यापेक्षा मोठे हवेत."

"लावू," मागून फ्लाविया म्हणाली. ग्रीसने माखलेली, हसत, रडत, दोन्ही. संस्थेच्या माणसांनी मासे गाडीत भरले आणि दोरखंड आम्हालाच ठेवून गेले. पुढच्या भिंतीला लागेल म्हणाले.

रात्री दोन डुकरं शिजली, ढीगभर मासे भाजले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी फ्रीजमधली थंडगार तापाई प्यायले. भावजी ओल्या धोतराने माझ्या पडवीत बसून होते.

"वहिनी, ते संत्रं हातातून निसटलं होतं ना?"

"निसटलंच."

"हं," ते म्हणाले. "आणि या दिव्याचा उजेड डोहावर पडतोय. तिला झोप लागणार नाही. उद्या दिव्याला झावळ्यांचा झाप लावा." मी लावला. अजून आहे. शिवाय त्यांनी नवा नियम केला: नदी उघडते त्या दिवशी टर्बाइनलाही सुट्टी. त्या दिवशी पाण्यावर सगळ्या माणसांचा सारखा हक्क, यंत्राचा नाही.

फ्लावियाची बॅग पुन्हा खुंटीवर आहे. तिच्यात आता माझी कोंबडी अंडी घालते.

सोपिंगगानची भिंत झाली. वरच्या दोन गावांच्याही झाल्या. चारही गावांत आता मासे जुन्या रीतीनेच धरतात, बिनजाळ्याचे, दगडांची भिंत घालून, आणि भिंत झाली की तिच्यातून दिवा निघतो. पाहुणे आले की लोक अभिमानाने सांगतात, ही आमची फार पूर्वीची रीत.

तर हे असं सगळं खरं घडलं. मासा खरा, बेडूक खरे, मैनासुद्धा खरी, नंतर शुद्धीवर आली. खवला घरी आहे.

एवढीच एक बारीक गोष्ट... माझी ओडू कधी मासे धरायला गेलीच नव्हती. तिला पाण्याची भीती वाटायची, तांब्याने अंघोळ करतानासुद्धा डोळे मिटायची. ती भिंतीची रीत मी बैठकीहून घरी येता येता, वाटेवर बनवली. पण हे मजिम्बुन भावजींना सांगू नका. हल्ली ते आल्यागेल्याला सांगतात, की त्यांचे आजोबा माझ्या ओडूपेक्षा उंच भिंत घालायचे.